नवतपातला पाव

पाव घरी करायची गरज खरं तर कोणालाच नसते. गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, सकाळ-संध्याकाळ गरम लादी येते, मैदा, यीस्ट, बटर, वीज सगळं धरलं तर घरचा पाव तिच्यापेक्षा स्वस्त पडत नाही आणि वर रविवारची अख्खी दुपार जाते ती वेगळीच. तरी एकदा हा किडा डोक्यात शिरला की निघत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्याला त्याला केक आणि ब्रेडचा नाद लागला होता तेव्हा आमच्याकडे काहीच झालं नाही, कारण जवळच्या दुकानात यीस्ट मिळत नव्हतं आणि ओटीजी, म्हणजे आमचा छोटा विजेचा ओव्हन, माळ्यावर पोत्यात बांधलेला होता. मी सुरुवात केली ती सगळ्यांचा जोश ओसरल्यावर, ऑफिसातल्या एकाने डब्यात घरचा लादीपाव आणला होता तो खाऊन.

मी नागपूरचा. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलंय. रेसिपीत लिहिलेलं असतं, रूम टेम्परेचरला तासभर झाकून ठेवा, दुप्पट होईल. आता आमच्या स्वयंपाकघराचं रूम टेम्परेचर म्हणजे जानेवारीत पहाटे पंधराच्या आसपास आणि मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर. ज्या बाईने ती रेसिपी लिहिली ती बहुतेक बंगलोरला राहत असावी, तिथे रूमला बारा महिने एकच टेम्परेचर असतं म्हणतात. आपल्याकडे तीच रेसिपी, तेच माप, तोच ओव्हन घेऊन दोन महिन्यांनी पाव केला की दुसराच पदार्थ तयार होतो. हे कळेपर्यंत मी बराच मैदा वाया घालवला.

यीस्टपासून सांगतो. इतवारीतून अर्ध्या किलोचं पाकीट आणलं, लहान पाकिटापेक्षा ते स्वस्त पडत होतं म्हणून, आणि उघडून, रबर लावून फ्रिजच्या डोक्यावर ठेवून दिलं. सुरुवातीला ठीक फुगलं पीठ. मग मधे काही आठवडे केलं नाही, आणि पुढच्या वेळी मळून ठेवलं तर पीठ हलायलाच तयार नाही, एक तास झाला, दोन झाले, आई दर अर्ध्या तासाने झाकण उचलून बघून जायची आणि काही न बोलता परत जायची, ते न बोलणं जास्त लागतं. शेवटी आता मळलंय तर भाजूनच टाकू म्हणून भाजलं. आई मूळची अकोल्याकडची, तिने त्यातला एक हातात घेतला, ओट्यावर आपटून बघितला आणि म्हणाली, "काहून रे, हा पाव आहे का वरवंटा?"

यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी, दाण्यात झोपलेली, तिला ऊब आणि दमट हवा लागली की ती पाकिटातच हळूहळू मरते, आणि फ्रिजचं डोकं ही घरातली त्यातल्या त्यात उबदार जागा. तेव्हापासून ते काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजरमध्ये असतं, आणि जरा जरी शंका आली तरी आधी परीक्षा घ्यायची: अर्धी वाटी कोमट पाणी, चिमूटभर साखर, चमचाभर यीस्ट, दहा मिनिटांत वर फेसाचा थर आला पाहिजे. नाही आला तर मैद्याला हात लावायचा नाही. बारीक सुईसारखे दाणे असतात ते इन्स्टंट, ते सरळ पिठात घातले तरी चालतं, मोठे गोल दाणे असतात ते आधी भिजवावेच लागतात, आणि दुकानदाराला हा फरक विचारला तर तो दोन्ही सेमच आहे साहेब म्हणतो.

फेस आणायच्या नादात मग उलटंच झालं. कोमट म्हणजे किती? मी दूध उकळून पाच मिनिटं ठेवलं आणि ओतलं. मेलं सगळं. साठ अंशाच्या आसपास यीस्ट शिल्लक राहत नाही, त्याच्या आधीच त्याचे हाल सुरू होतात. थर्मामीटर तेव्हा नव्हता. उपाय आईनेच सांगितला, दही लावताना दूध जितकं गरम लागतं तितकं, करंगळी बुडवून बिनचटका दहा आकडे मोजता आले पाहिजेत. नंतर थर्मामीटर आणल्यावर तिच्या करंगळीचं दूध मोजून बघितलं तर चाळीसच्या जवळपास निघालं, म्हणजे यीस्टला जे पाहिजे तेच. मी हजार रुपयांचं यंत्र आणलं आणि ते काय दाखवतं तर आईची करंगळी बरोबर आहे!

कणकेचा पाव हे प्रकरण थोडक्यातच आटपतो. मैदा वाईट, पोटात चिकटतो, वगैरे घरोघरी असतं तसं आमच्याकडेही आहे, म्हणून एकदा पूर्ण लोकवन गव्हाच्या कणकेचा केला. चव चांगली होती. पण पाव म्हणून जे आपल्याला पाहिजे असतं, दाबला की बसतो आणि सोडला की उठतो, ते नाही. चक्कीच्या दगडात गव्हातला स्टार्च जास्त फुटतो त्यामुळे आपली कणीक पाणी खूप पिते, मैद्याच्या मापाने पाणी घातलं तर गोळा कोरडाच राहतो, आणि कोंड्याचे कण पिठाची ताण धरणारी जाळी मधे मधे कापत जातात म्हणून ते फुगत नाही. आता एक तृतीयांश कणीक, बाकी मैदा, आणि पाणी जरा सैल हाताने. आईला मी सांगतो अर्धी-अर्धी आहे.

मग डिसेंबर आला. थंडीत नागपूरला रात्री पारा आठ-नऊवर उतरतो, घरात तितकं नसतं पण ओट्याच्या दगडाला हात लावला की कळतं. पीठ मळून ठेवलं तर तास दीड तास नुसतं बसून राहायचं. लोक सांगतात रजईत गुंडाळा, मी तेही केलं, पण रजई स्वतः गरम नसते ना, ती फक्त आहे ती ऊब धरते, आणि थंड पिठात धरायला ऊबच नसते. मग युक्ती सापडली ती ओटीजीची: बंद ओटीजीमध्ये खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर जाळीवर पिठाचं भांडं, दार बंद. एकदम मस्त, आत बाथरूमसारखी वाफ, पीठ पन्नास मिनिटांत डबल. मी खूश. सगळ्यांना सांगत सुटलो.

यातला धोका ज्याच्या लक्षात आला असेल त्याने हसून घ्या. संध्याकाळी पावभाजी करायची होती, मी पीठ आत ठेवून भाजी आणायला गेलो. इकडे पोरीला पिझ्झा पाहिजे होता, तयार बेस आणलेला, बायकोने बाहेरूनच बटण फिरवलं, २०० वर, प्रीहीट दहा मिनिटं, आणि टीव्हीपुढे बसली. तिचं काहीच चुकलं नाही, ओव्हनमध्ये कोणी पीठ लपवून ठेवत असेल असं शहाण्या माणसाच्या मनात येतच नाही. पीठ मी ठेवलं होतं प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात, कारण पारदर्शक डब्यात किती फुगलं ते दिसतं, आणि वर ताणून क्लिंग फिल्म. मी आलो तेव्हा जिन्यातच वास आला. दार उघडलं तर डब्याची एक बाजू जाळीतून खाली लोंबून पातेल्यात उतरलेली, फिल्म आकसून पिठाच्या डोक्यावर सुरकुत्यांसारखी बसलेली, आणि पीठ मात्र, हे लक्षात घ्या, पीठ एकदम जोमात, डब्याच्या फुटलेल्या बाजूने बाहेर येऊन वरच्या रॉडपर्यंत पोचलेलं आणि तिथे त्याला काळा डाग पडलेला. बायको म्हणाली, "अहो, निदान एक चिठ्ठी तरी चिकटवायची!" चिठ्ठी आता असते. लाल स्केचपेनने, दाराच्या काचेवर, "आत पीठ आहे". आणि डबा स्टीलचा.

जाळीला चिकटलेलं प्लॅस्टिक कसं काढायचं हेही सांगतो कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. गरम असताना ओढायचं नाही, तार येते आणि सगळीकडे पसरतं. जाळी थंड करून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झालं की लाकडी उलथन्याच्या कडेने टकटक केलं की तुकडे निघतात. तरी ती जाळी मी नंतर वापरली नाही, नवीन आणली.

हे सगळं जमलं तरी माझे पाव चपटे यायचे. चव बरोबर, आत मऊ, पण उंची नाही, बनपाव म्हणावेत तर त्याहून बसके. रेसिपी बदलल्या, मैदा बदलला, काही फरक नाही. शेवटी बेकरीवाल्या चाचांना विचारलं, सकाळची गर्दी ओसरल्यावर. त्यांनी माझ्याकडून यीस्ट किती, साखर किती काही ऐकून घेतलं नाही, फक्त विचारलं ट्रे केवढा. मी हाताने दाखवला. ते म्हणाले मग पाव बाजूला पळणारच ना, त्याला वर जायला काय कारण आहे? बेकरीत गोळे एकमेकांना खेटून लावतात, फुगताना बाजूला जागाच नसते म्हणून वर चढतात, आणि बाजू एकमेकांना चिकटलेल्या म्हणून तिथे कड धरत नाही, तोडल्यावर जे रेशे सुटतात ते त्याचेच. मी ओटीजीच्या बरोबर आलेल्या मोठ्या ट्रेमध्ये नऊ गोळे ऐसपैस बसवत होतो. आठ इंची चौकोनी केकच्या टिनमध्ये पन्नास-पन्नास ग्रॅमचे तेच नऊ गोळे ठेवले, मधे बोटभर फट, फुगून ती फट बुजली की मगच आत. पहिल्यांदा लादी लादीसारखी आली. कुठल्याही व्हिडिओत ट्रेच्या मापावर कोणी दोन मिनिटं बोललेलं मला तोवर दिसलं नव्हतं, सगळे मळण्यावरच बोलतात.

आता मुख्य गोष्ट, उन्हाळा. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, मे संपता संपता सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हाचे नऊ दिवस म्हणजे नवतपा, पंचेचाळीसच्या आसपास पारा, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्यात माझ्या मेहुण्याने फोन केला की आम्ही रविवारी येऊन राहिलो, भाऊजी तुमचा पाव खायचाय. मी नेहमीचंच माप घेतलं, अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, आणि दूध थोडं कमी पडलं म्हणून नळाचं पाणी. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये दुपारी इतकं तापतं की हात धुवायलाही आधी बादलीत काढून ठेवावं लागतं. मैद्याचा डबा स्वतःच गरम. मळायला लागलो तेव्हाच पीठ बोटांना ढिलं लागत होतं, चिकट, बटर त्यातून सुटून परातीला तेलासारखं पसरत होतं, मी म्हटलं मळून मळून येईल, आणि मळण्याने ते अजून तापलं.

झाकून ठेवलं. टायमर पाऊण तासाचा लावला आणि कूलरसमोर जाऊन पडलो. आलो तर पीठ भांड्याबाहेर. ओट्यावर एक जीभ, ती ओट्याच्या कडेवरून खाली. मधला भाग वर येऊन परत खाली बसलेला, आत मोठाल्या पोकळ्या, आणि वास, गोडसर आंबूस, सरळ दारूचाच. यीस्ट साखर खाऊन गॅस सोडतं तसं अल्कोहोलही सोडतं, थोडं असलं तर ओव्हनमध्ये उडून जातं पण इथे चाललंच होतं भरधाव. तरी पाहुणे यायचे होते, मी ते पुन्हा मळून गोळे केले, गोळे वीस मिनिटांत टिनच्या काठावर, घाईघाईत आत टाकले. आत गेल्यावर दोन मिनिटं वर आले आणि मग बसले, वरची साल सुरकुतली. आणि रंग येईना. बाकी सगळं समजण्यासारखं होतं पण रंग का येईना हे मला कळत नव्हतं, मी वेळ वाढवत गेलो, पाव सुकत गेले आणि पांढरेच राहिले. कारण अगदी सोपं होतं: वरचा तपकिरी रंग पिठातल्या उरलेल्या साखरेमुळे येतो, आणि माझ्या पिठातली साखर यीस्टने आधीच संपवलेली. मेहुण्याने दोन खाल्ले, चांगला माणूस आहे. मग तोच जाऊन बेकरीतून दोन लाद्या घेऊन आला.

माझी ती पांढरी, सुकलेली लादी पुढे कामाला आली ते वेगळं. चौकोनी तुकडे करून, मंद आचेवर कोरडे करून, मोहरी-कढीपत्ता-मिरचीच्या फोडणीवर दाण्यांबरोबर परतले, वर लिंबू आणि चिमूट साखर. पावाचा चिवडा. सुकलेल्या पावाचाच तो चांगला होतो, ताज्याचा लगदा होतो. पोरगी अजून तो मुद्दाम मागते.

उन्हाळ्याचा माझा हिशोब आता असा आहे. मैदा आदल्या रात्री मोजून फ्रिजमध्ये. पाणी माठातलं, आणि दुपारची वेळ असेल तर त्यातही बर्फाचे दोन खडे. दूध गरम करायचंच नाही, फ्रिजमधलं तसंच. यीस्ट सातऐवजी तीन ग्रॅम. मळून झाल्यावर थर्मामीटर पिठात खुपसायचा, सव्वीस-सत्तावीस आलं पाहिजे, तीसच्या वर गेलं तर भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये. हिवाळ्यात ह्याच्या बरोबर उलट, म्हणजे बाहेर जितकं गार तितकं दूध जास्त कोमट, पण शेवटी पिठाचा आकडा तोच. घड्याळ मी आता बघतच नाही, ओल्या बोटाने पीठ दाबतो, खड्डा हळूहळू अर्धा भरून आला की तयार, लगेच भरला तर अजून थांब, भरलाच नाही तर गेली वेळ. आणि पंख्याखाली उघडं ठेवायचं नाही, वर पापडी धरते, ती भाजल्यावर पावात कडक थर म्हणून लागते. ओलं फडकं टाका म्हणतात लोक, ते फडकं आमच्याकडे वीस मिनिटांत वाळतं आणि पिठाला चिकटून बसतं. सरळ तेलाचा हात लावलेलं झाकण ठेवा.

इतकं करूनही मे महिन्यातला पाव नीट येत नव्हता, फुगायचा छान, पण भाजताना चिवट, जाड सालीचा. प्रीहीटचा लाल दिवा विझायलाच पंचवीस-तीस मिनिटं घ्यायचा, हिवाळ्यात दहा-बारा लागायची. मला वाटलं रॉड गेला, मेकॅनिक बोलावला, त्याने बघितलं, रॉड चांगले आहेत साहेब म्हणाला आणि दोनशे रुपये घेतले. मग एकदा दुपारी फ्रिजच्या स्टॅबिलायझरकडे सहज लक्ष गेलं, आकडा एकशे नव्वद, कधी एकशे सत्त्याऐंशी. सगळ्या कॉलनीचे एसी, कूलर एकाच वेळी चालू. आता व्होल्टेज २३० चं १९० झालं तर आपल्याला वाटतं थोडंसंच कमी आहे, पण रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, दहावीत शिकलोय आपण हे, म्हणजे सोळाशे वॅटची भट्टी अकराशेच्या जवळच उरते. दार उघडून टिन आत ठेवला की आतलं तापमान जे पडतं ते पुन्हा वर यायलाही असाच जास्त वेळ जातो, तोवर पाव भाजण्याऐवजी वाळतो. लादीला आत २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं मिळाली पाहिजेत, अर्धा तास कमी आचेवर ठेवून ते भरून निघत नाही, उलट टोस्ट होतो.

चाचांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांची भट्टी विटांची आणि लाकडावरची, एकदा तापली की विटा तास न् तास उष्णता धरून ठेवतात, व्होल्टेजशी त्यांना काय करायचं. त्यांना काळजी आहे ती दुसरीच, मुंबईत २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर महापालिकेने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेवर जायच्या नोटिसा दिल्या, तेच उद्या इकडे आलं तर काय, हे ते दर गिऱ्हाइकाला विचारतात. धुराचं म्हणाल तर कोर्टाचं बरोबरच आहे, त्या भट्टीच्या मागच्या भिंतीला ज्याचं घर आहे त्याला विचारा. पण त्या विटांचं काम माझा पत्र्याचा डबा करू शकत नाही हेही तितकंच खरं. मी त्यावर खालच्या जाळीवर एक जाड बिडाचा तवा ठेवून बघितला, प्रीहीटपासून आतच, टिन त्याच्यावर. बराच फरक पडला, दार उघडलं तरी खालून उष्णता तुटत नाही. प्रीहीटला मात्र अजून वेळ लागतो कारण आधी तवा तापायला पाहिजे.

इलेक्ट्रिशियनला म्हटलं ओटीजीला स्टॅबिलायझर लावून दे. फ्रिजचा चालणार नाही म्हणाला, सोळाशे वॅटला मोठा पाहिजे, आणि त्याने जी किंमत सांगितली त्यात अजून एक ओटीजी येतो. वर म्हणाला, साहेब, पहाटे चार-पाचला व्होल्टेज एकदम कडक असतं बघा, दोनशे तीसच्या वर. बघितलं, खरंच असतं. आणि तेव्हा टाकीतलं पाणीही जरा निवलेलं असतं, ओट्यावर हात ठेवता येतो. म्हणून आता उन्हाळ्यात पीठ रात्री मळून फ्रिजमध्ये टाकतो, साडेचारला उठून गोळे करतो, सहाच्या आत लादी बाहेर. स्टॅबिलायझरपेक्षा गजर स्वस्त पडतो. बायकोचं म्हणणं एवढंच आहे की त्या वेळेला बेकरीही उघडलेली असते.